मेइजी जपान : सत्ताबदल, कारखाने आणि राष्ट्राचे बळ (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

राजकीय बदल आणि उद्योग यांमुळे राष्ट्र बलवान कसे होते, हे समजून घेण्यासाठी जपानचेच उदाहरण का घ्यावे?

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे आपली पहिली आगगाडी सुटली. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात अमेरिकी आरमाराचा अधिकारी मॅथ्यू पेरी चार युद्धनौका घेऊन जपानच्या उरागा गावासमोर येऊन उभा राहिला. त्यांतल्या दोन नौका वाफेवर चालणाऱ्या होत्या आणि त्यांच्या धुराड्यांतून निघणारा काळा धूर किनाऱ्यावरच्या लोकांनी प्रथमच पाहिला. जपानला स्वतःची आगगाडी मिळायला आणखी १९ वर्षे जायची होती. मुंबईत वाफेवर चालणारी कापडगिरणी १८५६ साली सुरू झाली, तर जपानमधली पहिली खऱ्या अर्थाने मोठी सूतगिरणी ओसाका येथे १८८३ साली चालू झाली. असे असूनही १९०५ साली त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत रशियाचे आरमार बुडवण्याइतके सामर्थ्य जपानकडे आले होते आणि हिंदुस्थान मात्र परक्या सत्तेखालीच होता. यंत्रे आपल्याकडे आधी आली आणि बळ तिकडे वाढले. असे का झाले, याचा शोध घेताना राजकारण आणि उद्योग यांचे नाते जितके स्पष्ट दिसते, तितके दुसऱ्या कोणत्याही उदाहरणात दिसत नाही, असे माझे मत आहे.

१८६८ साली नेमका कोणता राजकीय बदल झाला?

सतराव्या शतकाच्या आरंभापासून जपानवर तोकुगावा घराण्याच्या शोगुनांची, म्हणजे सम्राटाच्या नावाने राज्य करणाऱ्या लष्करी सत्ताधीशांची, सत्ता होती. सम्राट क्योतो येथे असे, पण कारभार एदो येथून चाले. देशात सुमारे २६० सरंजामी संस्थाने होती आणि प्रत्येक संस्थानाला स्वतःचे सैनिक, स्वतःचा सारा आणि अनेक ठिकाणी स्वतःचे कागदी चलनही होते. पेरीच्या आगमनानंतर शोगुनाने १८५४ आणि १८५८ साली परकीयांशी करार केले. त्यांनुसार परदेशी माणसाने जपानच्या भूमीवर गुन्हा केला तरी त्याचा न्याय त्याच्याच देशाचा वाणिज्यदूत करी, आणि आयातीवर किती जकात बसवायची हेही जपानला स्वतःच्या मर्जीने ठरवता येत नसे. १८६६ च्या करारानंतर तर बहुतेक मालावरची जकात सुमारे ५ टक्क्यांवर जखडली गेली.

या अपमानाने चिडलेल्या सात्सुमा आणि चोशू या नैर्ऋत्येकडील संस्थानांनी आधी परकीयांशी उघड झुंज घेऊन पाहिली. १८६३ साली ब्रिटिश नौकांनी सात्सुमाच्या कागोशिमा शहरावर तोफा डागल्या आणि पुढच्या वर्षी चोशूचीही तीच गत झाली. या दोन्ही संस्थानांतल्या तरुण सामुराईंनी, म्हणजे वंशपरंपरागत योद्धा वर्गातल्या लोकांनी, त्या पराभवातून जो निष्कर्ष काढला, त्याला मी फार महत्त्व देतो : ज्यांच्या तोफांपुढे आपण हरलो, त्यांच्याकडूनच शिकले पाहिजे, आणि शिकण्यासाठी आधी देशात एकच सत्ता हवी. एकमेकांची हाडवैरी असलेली ही संस्थाने १८६६ साली एकत्र आली. जानेवारी १८६८ मध्ये सम्राटाच्या नावाने नवे शासन जाहीर झाले, वर्ष-दीड वर्षाच्या यादवीत शोगुनाच्या पक्षाचा पाडाव झाला आणि एदोचे नाव तोक्यो झाले. सम्राटाच्या कारकिर्दीला ‘मेइजी’ हे नाव मिळाले. एप्रिल १८६८ च्या पाचकलमी प्रतिज्ञेत जगभरातून ज्ञान मिळवण्याचा निर्धार स्पष्ट शब्दांत नोंदवलेला आहे.

संस्थानिकांनी आणि सामुराईंनी आपली सत्ता इतक्या सहज सोडली का?

संस्थानिकांनी तुलनेने सहज सोडली, सामुराईंनी नाही. १८७१ साली एका राजाज्ञेने सर्व संस्थाने खालसा झाली आणि त्यांच्या जागी मध्यवर्ती सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यांचे प्रांत आले. संस्थानिकांची कर्जे सरकारने आपल्या अंगावर घेतली आणि त्यांना भरघोस तनखे दिले, त्यामुळे बहुतेकांनी कुरकुर न करता तोक्योचा रस्ता धरला. आपल्याकडे संस्थानिकांचे तनखे घटनादुरुस्तीने बंद झाले ते १९७१ साली, म्हणजे बरोबर १०० वर्षांनी, हा योगायोग नोंदवून ठेवण्यासारखा आहे.

सामुराईंचे दुखणे खोल होते. १८७३ च्या सक्तीच्या लष्करभरतीने शेतकऱ्याच्या मुलाच्या हातीही बंदूक आली. १८७६ साली सामुराईंचे वंशपरंपरागत तनखे सरकारी रोख्यांत रूपांतरित झाले आणि कमरेला तलवार लावण्यास बंदी झाली. १८७७ साली नव्या राजवटीच्याच शिल्पकारांपैकी एक असलेल्या साइगो ताकामोरीने सात्सुमामध्ये बंडाचे निशाण उभारले. शेतकऱ्यांच्या मुलांनी भरलेल्या नव्या फौजेने ते मोडून काढले. तनख्यांचा बोजा उतरला नसता तर सरकारी तिजोरीत उद्योगांसाठी काही उरलेच नसते, हे लक्षात घेतले म्हणजे या कठोर निर्णयाचे आर्थिक मोल कळते.

कारखाने, रेल्वे, शाळा यांसाठी पैसा कुठून आला?

मुख्यतः शेतकऱ्याकडून. पूर्वी सारा भाताच्या रूपाने आणि पिकाच्या प्रमाणात घेतला जाई. १८७३ च्या सुधारणेने जमिनीच्या मालकाला मालकीचा दाखला मिळाला आणि जमिनीच्या किमतीच्या ३ टक्के कर रोख रकमेत भरणे त्याला बंधनकारक झाले. पीक बुडाले तरी कर तोच. सरकारला दरवर्षी किती पैसा येणार हे आधी कळू लागले आणि अंदाजपत्रक आखता येऊ लागले. शेतकऱ्यांनी १८७६ साली ठिकठिकाणी उठाव केले, तेव्हा १८७७ च्या जानेवारीत हा दर अडीच टक्क्यांवर आणावा लागला.

परकीय कर्ज मात्र सरकारने फार जपून घेतले. पहिल्या रेल्वेसाठी १८७० साली लंडनमध्ये १० लाख पौंडांचे कर्ज ९ टक्के व्याजाने काढले आणि १८७३ साली आणखी एक. त्यानंतर १८९७ पर्यंत परदेशी बाजारात हात पसरला नाही. कर्जापायी परकीय सावकार बंदरे आणि जकातनाकी ताब्यात घेतात, हे इजिप्तसारख्या देशांत त्यांच्या डोळ्यांसमोर घडत होते.

परकीय चलन आणले ते रेशमाने. फ्रान्स आणि इटलीत रेशमाच्या अळ्यांवर साथीचा रोग पडला होता आणि युरोपला जपानी रेशीम हवे होते. कच्चे रेशीम हा दीर्घकाळ जपानचा सर्वांत मोठा निर्यातमाल राहिला, आणि १९०९ साली या व्यापारात जपानने चीनलाही मागे टाकले.

तोमिओका येथील रेशीम कारखान्याला इतके महत्त्व का दिले जाते?

कारण एका सरकारी कारखान्याने खरे काम काय करावे, याचा तो नमुना आहे. हाताने काढलेल्या जपानी रेशमाचा धागा कुठे जाड, कुठे बारीक असे आणि परदेशी व्यापारी नाके मुरडत. म्हणून १८७२ साली गुन्मा प्रांतात सरकारने पॉल ब्र्युना या फ्रेंच तज्ज्ञाच्या देखरेखीखाली हा कारखाना उभारला. लाकडी सांगाड्यात विटांच्या भिंती बसवलेली ती सुमारे १४० मीटर लांबीची इमारत आजही उभी आहे. विटा भाजण्याचे काम कौले करणाऱ्या स्थानिक कारागिरांना शिकवले गेले, खिडक्यांची काच फ्रान्सहून आली. आत गरम पाण्याची ३०० भांडी बसवली होती. प्रत्येक भांड्यापुढे एक मुलगी बसे, पाण्यात मऊ झालेल्या कोषांची टोके शोधून काही धागे एकत्र जुळवी आणि ते फिरत्या रहाटावर चढवी. धागा संपत आला की नव्या कोषाचे टोक अशा बेताने जोडावे लागे की जाडीत फरक पडू नये. सगळे कौशल्य बोटांच्या टोकांत होते.

सुरुवातीला मुली येईनात. फ्रेंच लोक जेवताना लाल मद्य पीत, त्यावरून ते माणसांचे रक्त पितात अशी अफवा पसरली होती. तेव्हा कारखान्याचे पहिले संचालक ओदाका अत्सुतादा यांनी आपल्या स्वतःच्या, जेमतेम चौदा वर्षांच्या मुलीला, युला, पहिली कामगार म्हणून दाखल केले. त्यानंतर सामुराई घराण्यांतल्या मुलीही येऊ लागल्या.

हिशेबाच्या वहीत तोमिओका बऱ्याच वर्षी तोट्यातच असे. पण येथे शिकलेल्या मुली गावी परतल्या आणि त्यांनी तेथे नवे कारखाने उभे करून दिले. नागानो प्रांतात सुवा तळ्याच्या काठी लहान व्यापाऱ्यांनी फ्रेंच यंत्रांची स्वस्त नक्कल केली : लोखंडाऐवजी लाकूड, धातूच्या भांड्यांऐवजी मातीची भांडी. जपानचे रेशीम जगभर गेले ते प्रामुख्याने अशा कारखान्यांतून. तोमिओकाचा तोटा ही एका मोठ्या शाळेची फी होती, असे मी समजतो.

परदेशी तज्ज्ञांवर अवलंबून राहून देश बलवान कसा झाला?

तज्ज्ञ पगारी नोकर होते आणि ठराविक मुदतीने त्यांना निरोप दिला जाई. त्यांचे पगार अफाट होते, काहींचे तर जपानी मंत्र्यांपेक्षाही जास्त. म्हणूनच त्यांच्या जागी लवकरात लवकर आपली माणसे तयार करण्याची घाई सरकारला होती. १८७३ साली स्कॉटलंडचा हेन्री डायर तोक्योत अभियांत्रिकी महाविद्यालय चालवण्यास आला, तेव्हा तो अवघा चोवीस वर्षांचा होता. १८७९ साली बाहेर पडलेल्या तेथील पहिल्या तुकडीत तात्सुनो किंगो होता. पुढे बँक ऑफ जपानची इमारत आणि तोक्यो रेल्वे स्थानक या दोन्ही वास्तूंचा आराखडा त्यानेच केला.

राज्यकर्ते स्वतःही शिकायला बाहेर पडले. इवाकुरा तोमोमी यांच्या नेतृत्वाखाली सरकारमधले अर्धे वजनदार लोक डिसेंबर १८७१ मध्ये अमेरिका-युरोपच्या दौऱ्यावर निघाले आणि पावणेदोन वर्षांनी परतले. त्यांच्या जहाजावर शिक्षणासाठी अमेरिकेला निघालेल्या पाच मुली होत्या. त्यांतली सर्वांत धाकटी, सहा वर्षांची त्सुदा उमेको, हिने १९०० साली तोक्योत स्त्रियांसाठी स्वतःची शाळा काढली. २०२४ पासून जपानच्या ५,००० येनच्या नोटेवर तिचे चित्र आहे.

सरकारने कारखाने उभारले, मग ते विकले का?

१८७७ च्या बंडाचा खर्च भागवण्यासाठी भरमसाट नोटा छापल्या गेल्या आणि महागाई भडकली. अर्थमंत्री मात्सुकाता मासायोशी यांनी १८८१ पासून खर्चाला कात्री लावली, १८८२ साली मध्यवर्ती बँक स्थापन केली आणि तोट्यातले सरकारी कारखाने व खाणी खासगी घराण्यांना विकल्या. नागासाकीची गोदी मित्सुबिशीकडे गेली आणि मिइकेची कोळसा खाण मित्सुईकडे. यातून उद्योगाला सक्षम मालक मिळाले, पण मूठभर घराण्यांच्या हाती संपत्ती एकवटली हेही खरे. महागाई उतरली तशा भाताच्या आणि रेशमाच्या किमती कोसळल्या. कर मात्र रोखीत ठरलेला होता. असंख्य शेतकऱ्यांच्या जमिनी सावकारांकडे गेल्या आणि १८८४ साली चिचिबू येथे कर्जबाजारी रेशीम-उत्पादक शस्त्रे घेऊन उठले.

जपानच्या सूतगिरण्यांचा मुंबईशी काय संबंध होता?

फार जवळचा. १८८० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांचे सूत चीनला आणि काही प्रमाणात जपानलाही जाई. ओसाकाच्या गिरणीसाठी उद्योगपती शिबुसावा एइइची यांनी भांडवल जमवले आणि इंग्लंडच्या लँकेशायरमध्ये शिकून आलेल्या यामानोबे ताकेओ यांच्या हाती ती सोपवली. १०,५०० चात्यांची (सूत पिळून गुंडाळणाऱ्या फिरत्या कांड्यांची) ही गिरणी दोन पाळ्यांत रात्रंदिवस चाले, आणि १८८६ साली तेथे विजेचे दिवे लागले. पुढे जपानी गिरण्यांनी जुन्या पद्धतीची यंत्रे सोडून रिंग चात्या बसवल्या आणि हिंदुस्थानातल्या आखूड धाग्याच्या स्वस्त कापसात लांब धाग्याचा कापूस मिसळून सूत काढण्याची हातोटी साधली. आपल्याकडे नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये जमशेटजी टाटांनी रिंग चात्यांचे प्रयोग १८८० च्या दशकातच केले होते. म्हणजे आपल्या उद्योजकांना दृष्टी नव्हती, असे म्हणण्याची सोय नाही.

मुंबईहून जपानच्या कोबे बंदराला कापूस नेण्याचे भाडे पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीच्या मक्तेदारीमुळे चढे होते. जमशेटजी १८९३ साली जपानला गेले आणि निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीशी बोलणी करून त्याच वर्षी मुंबई–कोबे जहाजमार्ग सुरू झाला. पी अँड ओने लगेच भाडे पाडले. जपानी गिरणीमालकांच्या संघाने आपला कापूस जपानी जहाजांतूनच आणण्याचे वचन पाळले, पुढे त्यांच्या सरकारनेही जहाजवाहतुकीला अनुदान दिले आणि जपानी मार्ग टिकला. जमशेटजींनी भाड्याने जहाजे घेऊन चालवलेली टाटा लाइन मात्र याच दरयुद्धात बुडाली. त्यांनी इंग्रज सरकारकडे दाद मागितली, पण पाठीशी कोणी उभे राहिले नाही.

मुंबईत गिरण्या आधी असूनही हिंदुस्थान बलवान का झाला नाही?

वरच्या उत्तरातली दोन जहाजे हेच याचे निम्मे उत्तर आहे. एकच समुद्र, एकच माल, प्रतिस्पर्धीही एकच, पण एका जहाजामागे स्वतःचे सरकार होते आणि दुसऱ्यामागे नव्हते.

उरलेले निम्मे उत्तर जकातीत सापडते. १८८२ साली हिंदुस्थान सरकारने आयात कापडावरची जकात काढून टाकली, कारण लँकेशायरच्या गिरणीमालकांना ती नको होती. पैशाच्या अडचणीमुळे ती परत बसवावी लागली, तेव्हा १८९६ साली परदेशी कापडावर साडेतीन टक्के जकात आणि त्याच्याच बरोबरीने हिंदी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर असा निर्णय झाला. त्याच सुमारास जपानने १८९४ साली सुताच्या निर्यातीवरची आणि १८९६ साली कच्च्या कापसाच्या आयातीवरची जकात माफ केली. १८९७ साली जपानची सुताची निर्यात आयातीपेक्षा जास्त झाली, आणि पहिल्या महायुद्धापर्यंत चीनच्या बाजारातून मुंबईचे सूत मागे हटले.

येथे एक आक्षेप रास्तपणे घेतला जातो : जपानलाही १९११ पर्यंत जकातीचे स्वातंत्र्य नव्हते, मग तो पुढे कसा गेला? आयातीवर जबर जकात लावून त्याला आपले उद्योग झाकता आले नाहीत, हे खरेच आहे. पण कराचा पैसा कुठे खर्चायचा, शाळेत काय शिकवायचे, कोणाला परदेशी धाडायचे, कोणत्या जहाजाला अनुदान द्यायचे, हे सारे निर्णय तोक्योत होत होते. हिंदुस्थानातल्या रेल्वेकंपन्यांना सरकारने ५ टक्के नफ्याची हमी दिली होती. तो पैसा रयतेच्या खिशातून जाई, आणि रूळ, इंजिने व वरिष्ठ अभियंते दीर्घकाळ इंग्लंडहून येत राहिले. रेल्वे आपल्या भूमीवर धावत होती, पण ती बांधण्याची विद्या आपल्याकडे उतरावी ही जबाबदारी कोणाचीच नव्हती.

शिक्षणाचा यात वाटा किती?

मोठा. १८७२ साली शिक्षणाचा देशव्यापी कायदा झाला, तेव्हा शाळेत जाणारी मुले तीस टक्क्यांहून कमी होती. १९०० साली प्राथमिक शाळेची फी माफ झाली आणि पुढच्या काही वर्षांत हे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर गेले. उच्च शिक्षण आरंभी इंग्रजीत होते, पण परदेशी प्राध्यापक गेले तशी विज्ञान आणि तंत्राची भाषाही जपानी झाली.

१८८९ च्या राज्यघटनेने लोकशाही आली का?

नाही, अंशतःसुद्धा फारशी नाही. घटना ही सम्राटाची देणगी म्हणून ११ फेब्रुवारी १८८९ रोजी जाहीर झाली. पहिल्या निवडणुकीत मताचा अधिकार पंचवीस वर्षांवरील आणि १५ येन कर भरणाऱ्या पुरुषांपुरता, म्हणजे लोकसंख्येच्या सुमारे एक टक्क्यापुरता होता. लष्कर थेट सम्राटाला जबाबदार होते. या तरतुदीची जबर किंमत १९३० च्या दशकात मोजावी लागली. तरीही छापील कायदे आणि नियमित न्यायालये दाखवता आली, म्हणूनच १८९४ साली ब्रिटनने परकीयांसाठीची वेगळी न्यायव्यवस्था सोडण्याचे मान्य केले आणि १८९९ साली ती संपली.

या प्रगतीची किंमत कोणी मोजली?

पहिली किंमत मुलींनी मोजली. गिरणीचा दलाल खेड्यात येई, बापाच्या हाती आगाऊ रक्कम ठेवी आणि मुलगी कराराने बांधली जाई. बीड-नगरकडच्या ऊसतोड कुटुंबांना ‘उचल’ या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. त्या मुलींचीही गोष्ट तीच होती. हिदा भागातल्या मुली हिवाळ्याच्या बर्फातून नोमुगीची खिंड ओलांडून सुवाच्या रेशीम कारखान्यांत ये-जा करीत. गिरण्यांत बारा-बारा तासांच्या पाळ्या, कोंदट वसतिगृहे आणि क्षय. अनेक मुली घरी परतल्या त्या मरण्यासाठीच. कामगार कायदा १९११ साली झाला, पण गिरणीमालकांच्या विरोधामुळे १९१६ पर्यंत लागू झाला नाही.

दुसरी किंमत वातारासे नदीकाठच्या शेतकऱ्यांनी मोजली. आशिओच्या तांब्याच्या खाणीतले विषारी पाणी नदीत उतरले, मासे मेले, भातशेते करपली. तेथील लोकप्रतिनिधी तानाका शोझो यांनी १८९१ पासून संसदेत हा प्रश्न लावून धरला. तांब्याची निर्यात देशाला हवी होती, म्हणून खाण चालूच राहिली. अखेर १९०१ साली संसदेचा राजीनामा देऊन त्यांनी भर रस्त्यात सम्राटाच्या गाडीपुढे अर्ज घेऊन धाव घेतली. १९०७ साली यानाका हे गाव पुराचे पाणी साठवण्याच्या तलावासाठी उठवले गेले, तरी वृद्ध तानाका तेथील उरल्यासुरल्या लोकांसोबतच राहिले.

तिसरी किंमत शेजाऱ्यांनी मोजली. १८९५ साली युद्धात हरलेल्या चीनकडून घेतलेल्या प्रचंड खंडणीचा मोठा भाग शस्त्रास्त्रांवर गेला, काही यावाता येथील पोलाद कारखान्याला मिळाला आणि १८९७ चे सुवर्णचलनही त्याच बळावर आले. तैवान तेव्हाच गिळले गेले आणि १९१० साली कोरिया. परकीयांच्या असमान करारांनी दुखावलेल्या राष्ट्राने १८७६ साली कोरियावर तसाच असमान करार लादला होता. जपानचे कौतुक करताना हे पान फाडून टाकणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

महाराष्ट्रात या उदाहरणाचा प्रत्यक्ष उपयोग कोणी केला?

दोन कामे ठळक आहेत. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या हाती तोक्योच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका पडली, आणि त्यातून स्फूर्ती घेऊन त्यांनी १९१६ साली पुण्यात स्त्रियांचे विद्यापीठ सुरू केले. मातृभाषेतून उच्च शिक्षण देण्याचा त्यांचा आग्रह त्या काळी अनेकांना अव्यवहार्य वाटला होता.

दुसरे काम त्याआधीचे आहे. दरवर्षी प्रत्येकाकडून एक पैसा गोळा करून स्वदेशी उद्योग उभारण्याची कल्पना अंताजी दामोदर काळे यांनी गावोगाव फिरून मांडली आणि लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले. त्या पैसाफंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला. तो उभा करण्यास जपानमध्ये काचकाम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय मिळाले. तेथे भट्टीपुढे बसून फुंकनळीने काच फुगवायला शिकलेले कारागीर पुढे देशातल्या इतर काच कारखान्यांत गेले आणि त्यांनी तिथल्या मुलांना ते काम शिकवले.